शून्यावरचा नॉब

माझ्या बेस गिटारीला तीन नॉब आहेत, आणि त्या तीन नॉबपायी पार्टीतली पोरं मला येडा म्हणतात. म्हणू द्या. रोज बारा तास डाळ मिलमधला भुसा खाणारा माणूस शहाणा कसा राहील?

आमची भीमगीतांची पार्टी. शाहीर, ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कोरसला दोन पोरी आणि मी. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १४ जानेवारी, १ ऑगस्ट. ह्या तारखा आमच्या सणावाराच्या. त्या दिवशी मिलमध्ये खाडा. खाड्याचे पैसे कटतात आणि कार्यक्रमाचे पैसे डिझेलात जातात. हिशोब कुणी विचारू नये.

स्टेज म्हणजे कधी ट्रॅक्टरची ट्रॉली, कधी समाजमंदिराचा ओटा. मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो. पहिलं काम, वायर खोचायच्या आधी तिन्ही नॉब शून्यावर. नाहीतर वायर खोचताना स्पीकरमध्ये असा धडाका होतो की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या छातीला हात लावतात. वायर खोचली की थोडं थांबायचं. मग पुढचा आवाज पूर्ण. मागचा आवाज पूर्ण, आणि तिथून एक केस मागं. एक केस म्हणजे एकच केस. तिथं मी बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय. टोन अर्ध्याच्या थोडा वर. मग जाड तार एकदा वाजवायची, डोळे मिटून. मग पुन्हा एक केस.

"काय करलालास रं? बाँब निकामी करलालास का?" ढोलकीवाला दरवेळी हेच विचारतो. दरवेळी सगळे हसतात. मीही हसतो. पण केस सोडत नाही.

आता ह्या केसाची गोष्ट सांगतो. ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढचा परिच्छेद सोडावा.

माझी गिटार नकली आहे. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून साडेचार हजाराला घेतली. अस्सल माल अमेरिकेतला. लिओ फेंडर नावाचा माणूस, रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं १९५१ साली प्रिसिजन नावाचा बेस काढला. त्याला दोन नॉब, एक आवाजाचा, एक टोनचा. मग १९६० साली जॅझ बेस काढला. त्याला तारांखाली दोन पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसाएवढ्या तारेचं वेटोळं. प्रत्येक पिकअपला आपला आवाजाचा नॉब, आणि दोघांत मिळून एक टोन. माझी त्याचीच नक्कल. दोन वेटोळ्यांतलं एक उलट्या दिशेनं गुंडाळलेलं असतं. त्यामुळं दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवले तर जनरेटरची, ट्यूबलाइटची जी घूं घूं तारेत शिरते ती एकमेकांना खाऊन टाकते. आवाज स्वच्छ. पण थोडा पोकळ. मधलं मांस निघून गेल्यासारखा. आणि एक नॉब केसभर मागं घेतला की मांस परत येतं, सोबत थोडी घूं घूं पण येते. म्हणजे एकतर स्वच्छ आणि पोकळ, नाहीतर भरलेला आणि थोडा मळका. मी मळका घेतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. आठवी नापास माणसाला कोण शिकवणार? मोबाईलवर बघितलं, इंग्रजी कळलं नाही म्हणून माणसाच्या हाताकडं बघितलं, आणि मग रात्रपाळी करून आल्यावर खोलीत उशीवर स्पीकर दाबून नॉब फिरवत बसलो.

आणि येडा मी एकटा आहे का? ढोलकीवाल्याचं बघा. ढोलकीच्या धुमाला आतून मसाला लावलेला असतो, तो हवेनं सुकतो. बाबा अर्धा तास बोटानं ठोकत, कान लावत, कड्या वरखाली करत बसतो. त्याला कुणी बाँबवाला म्हणत नाही. शाहीर माईकमध्ये फुंकत नाही, टिचकी मारत नाही, फक्त तीनदा 'जय भीम' म्हणतो. तिसरा जय भीम मनासारखा वाजला तरच उठतो, नाहीतर साउंडवाल्याच्या आईबापाचा उद्धार. कीबोर्डवाला मळकं फडकं घालून पट्ट्या पुसतो, ती स्वच्छ असल्या तरी. मोठ्या गवयांचंही हेच. मिरजेचा तंबोरा बघा. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो, तो सुईच्या टोकाएवढा सरकवला की तार बोलायला लागते. त्या धाग्यासाठी उस्तादाची बैठक खोळंबते आणि लोक माना डोलवत वाट बघतात. त्याला जवारी लावणं म्हणतात, साधना म्हणतात. आमचा नॉब मात्र येडेपणा. (आम्हा लातूरकरांना मिरज तंबोऱ्यामुळं माहीतच नव्हतं. माहीत झालं ते एप्रिल २०१६ ला, तिथून पाण्याची रेल्वे आली तेव्हा. त्या साली जयंतीला आम्ही गावभर रांगोळी काढली पण सडा टाकला नाही.)

ही खोड माझ्या रक्तात आहे असं माझी माय म्हणते. आज्याकडून आली म्हणते.

आमचा आजा औसा तालुक्यातल्या एका गावचा. मांगाचा. मांगवाड्यातला हलगीवाला. मी पोरगा असताना आज्यानं हलगी सोडून जमाना झाला होता. पण खुंटीवर ती होती, धूळ खात. एकदा, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, हट्ट धरला. आज्यानं खाली काढली. वाजवली नाही, फक्त तापवून दाखवली. तेवढंच बघितलंय मी आयुष्यात, पण रोज दिसतं.

वाळलं गवत गोळा केलं. जाळ केला. चांगला जाळ निघून जाऊ दिला. "जाळावर नाय, आचेवर," आजा म्हणला. हलगी तोंड खाली करून आचेवर फिरवत राहिला, पोळी फिरवतात तशी. थांबू द्यायची नाही, थांबली की कातडं जळतं. मग उचलून कानाशी धरायची आणि अंगठ्यानं कडेला टुक. परत आचेवर. परत टुक. मध्ये नाही, कडेला. मला सगळे टुक सारखेच वाटत होते. आज्याला नव्हते वाटत. सातव्या की आठव्या टुकाला तो थांबला. म्हणला, "आता ही खरं बोलल." आणि परत खुंटीला अडकवली. मी रडलो. वाजवून दाखव म्हणलं. नाही वाजवली.

का नाही वाजवली ते मला पुढं कळलं.

आजा सांगायचा, पाटलाच्या घरचं लगीन असलं की हलगी मांडवाबाहेर. वरात निघाली की पुढं, जेवणं सुरू झाली की लांब. सगळ्यांचं झाल्यावर धोतराचा सोगा पसरायचा, त्यात जे पडेल ते. पोळ्याला हलगी, देवीला हलगी, मढ्यापुढं हलगी. मजुरी नाही, ते कामच होतं, जन्मानं लागलेलं. आणि हलगी गारठली, नीट वाजली नाही, तर शिव्या. म्हणून ते तापवणं. लोकांना वाटतं कलावंताची नजाकत. नजाकत होतीच. पण त्या नजाकतीखाली शिवीची भीती पण होती. दोन्ही एकाच आचेवर.

१९७८ साली २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला, जय भीम सोडलं नाही म्हणून. तो आमच्याच जातीतला. लोक म्हणतात मांग-महार एक होत नाहीत, त्यांनी हे नाव पाठ करावं. आमच्या गावात घर जळालं नाही. पण त्या दिवाळीनंतर पाटलाकडं लगीन निघालं, सांगावा आला, आणि आज्यानं सांगून पाठवलं, हलगी फुटली.

फुटली नव्हती. मी सांगितलं ना, खुंटीवर होती.

पुढं काम बंद, दाणा बंद, पिठाची गिरणी बंद. सहा महिन्यांत आजा लातूरला आला. आडतीत हमाल झाला. शंभर किलोचं पोतं पाठीवर. त्याची पाठ आज धनुष्यासारखी आहे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. तोवर बाप पण हमाल झाला होता.

आता माझी अडचण. मला वाजवायचं होतं. हलगीच वाजवायची होती, खरं सांगतो. अभ्यास वर्गाला जात होतो तिथं एक दादा. वाचलेला, चांगला माणूस. तो म्हणला, हलगी ही गुलामीची खूण. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा सांगितलं, मग ढोरांचं कातडं काय म्हणून बडवायचं? ह्याला उत्तर नव्हतं. दुसरीकडं आमच्याच वाड्यातली पोरं म्हणत होती, हलगी आमची, आमच्या बापाची, गावाची नाही. आता आपल्या मोर्चात वाजवू, कुणाच्या वरातीत नाही. ह्यालाही उत्तर नव्हतं. दोघं बरोबर वाटत होते. रात्ररात्र झोप यायची नाही. शेवटी मी बेस घेतला. पळवाट म्हणा. ह्या वाद्यावर कुठल्या जातीचा शिक्का नव्हता. लातूरच्या पाटलाला बेस माहीतच नाही तर तो मांडवाबाहेर कुठं उभा करील?

पण हाताला सवय कसली? टुक करून कान लावायची.

घेतल्यावर दोन वर्षांत नॉब खरखरायला लागले. डाळ मिलचा भुसा. तो कपड्यातून घरी येतो, भाकरीत जातो, नॉबमध्ये पण गेला. नॉबच्या खाली काळ्या पट्टीवर एक पितळी जीभ फिरते. मध्ये धूळ आली की जीभ अडखळते, स्पीकर खाकरतो. आधीचा उपाय फुकटचा, नॉब वीस-तीस वेळा इकडून तिकडं फिरवायचा. मी रोज झोपायच्या आधी फिरवायचो, माळ ओढल्यासारखा. मग एका मेकॅनिक दोस्तानं पेट्रोल सोडलं. खरखर गेली, पण आतलं ग्रीस पण धुऊन गेलं. नॉब असा सैल झाला की वाजवताना मनगट लागलं तरी फिरायचा. माझा केस गेला. मी नॉबखाली रबरी वायसर घातला, पंपाचा.

मग गंजगोलाईच्या एका बोळातल्या दुकानात नेला. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, कुठल्या बोळात ते मी सांगत नाही. कारागिरानं नवीन कंट्रोल टाकला, दीडशे रुपये घेतले. घरी आलो तर आवाज मेलेला. घोंगडी पांघरल्यासारखा. मला वाटलं तार गेली. तार नाही, पिकअप नाही. आठ दिवस शोधत होतो. शेवटी कळलं, लागतो अडीचशे किलोओमचा, ह्यानं दहाचा टाकला होता, रेडिओ-ॲम्प्लिफायरचा, दुकानात होता तो. दहाच्या कंट्रोलमधून आवाज जमिनीत गळून जातो, आधी बारीक, मग सगळाच. कारागीर म्हणला, कंट्रोल कंट्रोलच असतो, फिरतोय ना? फिरत होता, खरं आहे.

त्या आठ दिवसांत मला एक गोष्ट समजली. असल्या गिटारीत बॅटरी नसते. त्यामुळं नॉब काही वाढवत नाही. आपण म्हणतो टोन वाढव, आवाज वाढव. वाढत काहीच नाही. टोनच्या नॉबला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, नॉब मागं घेतला की वरचे बारीक सूर त्यातून जमिनीत जातात. पूर्ण उघडला म्हणजे तारेचं जे होतं त्यातलं कमीत कमी काढून घेतलं, एवढंच. नॉबचं काम काढून घेणं. मी हे ढोलकीवाल्याला सांगितलं तर तो म्हणला, म्हणजे आपल्या मालकासारखं.

मालकावरून आठवलं. आमच्या मिलमध्ये रोलवर एक मिस्त्री आहे. तुरीचं साल रोलवर घासून निघतं. दगडी भुकटीचा रोल, कानशीसारखा खरबरीत. दाणा आत किती वेळ घासायचा ते एका चाकानं ठरतं. बाहेरची वाट जास्त उघडली तर साल राहतं, कमी उघडली तर डाळ फुटते, चुरी होते. मिस्त्री चाकावर खडूची रेघ मारतो. गाडी बदलली, तूर बदलली, की पुसतो आणि नवी मारतो. ओली तूर वेगळी, जुनी वेगळी, तेल चोळून वाळवलेली वेगळी. मूठभर दाणे तळहातावर चोळतो, फुंकर मारतो, चाक बोटभर फिरवतो. परत चोळतो. लघवीला गेला असला तरी रोलचा आवाज बदललेला त्याला तिथून कळतो, पळत येतो. तीस वर्षं झाली. मालक म्हणतो, मिस्त्रीला चाळा आहे. पण मिस्त्री एक दिवस आजारी पडला तर चुरीचा ढीग बघून मालकच चाळे करायला लागतो.

बेसवाल्यांत माझा मिस्त्री जेम्स जेमर्सन. काळा माणूस. अमेरिकेत डेट्रॉइट, मोटारींचं गाव. तिथं मोटाउन नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली, तिचा मालकही काळाच, एकेकाळी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. घरातच स्टुडिओ. जेमर्सन तिथं बेस वाजवायचा, एका बोटानं. बेस प्रिसिजन, दोन नॉबचा. नॉब दोन्ही पूर्ण उघडे, असं सांगतात. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. घोडीपाशी तारांखाली फोमचा तुकडा खुपसलेला. मळलेल्या जुन्या तारांतच सूर असतो असं त्याचं म्हणणं. त्याच्या बेसवर जग नाचलं आणि कित्येक वर्षं रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नाव नव्हतं. मार्विन गेच्या १९७१ च्या रेकॉर्डवर पहिल्यांदा छापलं. पुढच्याच वर्षी १९७२ ला इकडं मुंबईत आपल्या लोकांनी त्या देशातल्या पँथरचं नाव घेऊन पँथर काढली. जेमर्सन ऑगस्ट १९८३ मध्ये गेला, सत्तेचाळीसचा होता. मी त्याचा फोटो मिलच्या लॉकरच्या आत चिकटवलाय, बाबासाहेब आणि अण्णाभाऊंच्या खाली. लोक विचारतात हा कोण, पँथर का? मी म्हणतो, हो.

आता जे सांगायला बसलो ते.

यंदाच्या जयंतीला आज्याच्या गावचा कार्यक्रम मिळाला. त्याच गावचा. पोरांनी वर्गणी केली होती, कमान होती, निळे झेंडे, पाटलाच्या वाड्यावरून मिरवणूक. आजा हट्टानं आला. ऐंशीच्या पुढं आहे, कानानं कमी ऐकतो. त्याला स्टेजसमोर पहिल्या रांगेत खुर्ची दिली. खुर्चीत नीट टेकता येत नाही त्याला, पाठीमुळं. पुढं झुकून बसला.

गर्दी झालती. साउंडवाला घाई करत होता. मी नॉब शून्यावर केले, वायर खोचली, थांबलो. तेवढ्यात कुणीतरी हार घेऊन आलं, शाहिरानं मला हात धरून पुढं ओढलं, ह्या गावचा नातू म्हणून. हार घातला. टाळ्या. मी परत जाग्यावर आलो आणि ढोलकी सुरूच झाली.

पहिलं गाणं मी पूर्ण वाजवलं. घाम येईस्तोवर वाजवलं. एक सूर चुकला नाही. सात मिनिटं. गाणं संपलं, लोक उठून उभे राहिले, शिट्ट्या, जय भीमच्या घोषणा. शाहिरानं वळून अंगठा दाखवला. आणि मी खाली बघितलं. तिन्ही नॉब शून्यावर.

सात मिनिटं मी मुका होतो. कुणाला कळलं नाही. ढोलकीवाल्याला नाही, शाहिराला नाही, साउंडवाल्याला नाही. मला स्वतःला नाही, ही तर खरी लाज. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. वाटलं, माझ्या खाड्याला काय अर्थ? उशीवर दाबलेल्या रात्रींना? नसलो तरी चालतं. गाणं होतंच. मी गुपचूप नॉब उघडले, ठिपक्यापाशी आणले. पुढची गाणी झाली. पण हात जड होता.

रात्री एक वाजता मांडव रिकामा झाला. साउंडवाला पेट्या उचलायच्या तयारीत. आजा खुर्चीतच. मी पाणी घेऊन गेलो.

"पहिल्या गाण्याला कुठं गेलतास रं?" आजा म्हणला.

मी म्हणलं, इथंच होतो की. हार घातला, वाजवलं.

"दिसलास. बोटं हलूलालती. पर पोटात काय येईना. दुसऱ्याला आलं."

मी काही बोललो नाही. त्याच्या कानाला माईक ऐकू येत नाही, शाहीर ऐकू येत नाही. त्याच्या पोटाला ऐकू येतं. त्यानं हात पुढं केला, दाखव म्हणला. मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. वायर अजून खोचलेली होती. त्यानं लाकडाला कान लावला. "वाजीव." मी जाड तार वाजवली. त्यानं नॉबवर अंगठा ठेवला. मी सांगणार होतो, तो ठिपका, तिथून हलवू नको. सांगितलं नाही. त्यानं थोडा मागं घेतला. "वाजीव." परत थोडा मागं. "वाजीव." परत किंचित पुढं. साउंडवाला ओरडत होता, काका, आवरा, मला औशाला जायचंय. आजा ऐकतच नव्हता, ऐकू आलंच नसेल.

सातवं की आठवं असेल. तो थांबला.

मी वाकून बघितलं. माझ्या लाल ठिपक्यापासून चांगला दोन बोटं मागं. तिथं घूं घूं येते, मला माहीत आहे, मी तिथून नेहमी पुढं सरकतो. पण खाली मांडवाच्या बल्लीला हात लावला तर बल्ली थरथरत होती.

नेलपॉलिश जवळ नव्हतं. आज्याच्या चंचीत चुना होता. त्याचा ठिपका लावला. लाल पुसला नाही, दोन्ही आहेत. ढोलकीवाला आता विचारतो, आज कुठला?